लिलीसाठी लावलेला कौल

गोव्यात कोरगावच्या अलीकडे एक लहानसा वाडा लागतो. तिथल्या रवळनाथाला जरा कमी ऐकू येतं, अशी परशुराम गावकरांची खात्री असावी. नाहीतर देवळात उभं राहून त्यांनी एवढ्या मोठ्याने गाऱ्हाणं घातलं नसतं. गाऱ्हाणं म्हणजे गावाच्या वतीने देवाशी करायचं बोलणं. हातात नारळ धरायचा, देवाला मानाने हाक मारायची, ज्याचं जे असेल ते मागायचं, आणि भोवतीच्या मंडळींनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा द्यायचा. हा मान गावकरांच्या घराण्याकडे किती पिढ्या होता ते देवालाच ठाऊक. परशुराम, म्हणजे गावाचे आबा, तो गेली चौतीस वर्षं चालवत होते.

आबांची रीत मात्र त्यांची स्वतःची होती. देवाला काम सांगायचं तर पत्ता पुरा द्यायला हवा, असं त्यांचं ठाम मत. गोकुळदासाचा मुलगा आखातात नोकरीला गेला तेव्हा आबांनी देवाला त्याच्या कंपनीचं नाव, पोस्टाच्या पेटीचा नंबर आणि कुठल्या मजल्यावर झोपतो हेही सांगितलं होतं. “देव झालो म्हणून काय झालां? अर्ध्या पत्त्यार तो तरी खंय धुंडीत फिरतलो?” असं त्यांचं म्हणणं. राजभाषेच्या वादात गावात दोन तट पडले, तेव्हा दोन्ही तटांची माणसं नारळ घेऊन आबांकडे आली. आबांनी दोन्ही नारळ ठेवून घेतले आणि दोघांसाठी मिळून एकच गाऱ्हाणं घातलं. ते कोकणीत होतं की मराठीत, यावरून दोन्ही तटांत पुन्हा आठ दिवस वाद झाला. पुढे भाषेचा कायदा झाला, गोव्याचं राज्य झालं, पण त्या गाऱ्हाण्याचा निकाल अजून लागलेला नाही.

आणखी एक गोष्ट. गाऱ्हाणं घालताना आबा कधी रडले नाहीत. कुणाचं पोर तापाने फणफणलेलं, कुणाचा नवरा ट्रॉलरवरून परत आलेला नाही, बायाबापड्या पदराने डोळे पुसतायत, पण आबांचा आवाज खणखणीत. वकीलच रडायला लागला तर अशिलाने कुणाच्या तोंडाकडे बघायचं, असं ते विचारत.

अशा या आबांचं चौऱ्याण्णव सालच्या दिवाळीआधी म्हापशाला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. जत्रा महिन्यावर आलेली. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि बजावलं की महिनाभर वाचायचं नाही, वाकायचं नाही, ओरडायचं नाही आणि डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू होताच, त्यामुळे माणूस ओळखायचा तो पावलांवरून. रोजचा पेपर पहिल्या ओळीपासून निधनवार्तांपर्यंत वाचणारा माणूस खिडकीजवळच्या खुर्चीत नुसता बसून राहिला आणि घराला जाच होऊन बसला. रस्त्यावर कुणाची सायकल वाजली, आमटीला फोडणी कसली, मांजर आत आलं की बाहेर गेलं. सुलोचनाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, तीन दिवस उत्तरं दिली आणि चौथ्या दिवशी नवरा सुनेच्या स्वाधीन केला.

सून प्रतीक्षा वाळपईची. तिचा नवरा राजेश वास्कोच्या बंदरात कामाला, शनिवारी यायचा. ती पंचायतीच्या वाचनालयात सकाळी चार तास बसायची. तिने आधी सासऱ्यांना पोथी वाचून दाखवायला घेतली. पण पोथी आबांना पाठ. ती एक ओळ वाचायची, आबा पुढच्या दोन म्हणायचे आणि वर तिचे उच्चार सुधारायचे. दुसऱ्या दिवशी तिने पोथी मिटली.

“आबा, मी सध्या एक वाचतंय तां वाचू? एका बाईन आपली हकीगत लिवल्या. हिटलराच्या छावणीतसून जिती सुटली ती.”

“देवाचां आसा काय तेच्यात?”

“बघूया,” प्रतीक्षा म्हणाली.

पहिल्या दिवशी आबांनी बाईची रीतसर चौकशी केली. नाव हाना. गाव हंगेरी देशात, नदीच्या काठी. जात ज्यू. बापाची बेकरी. “म्हंजे पोदेर,” असं म्हणून आबा समाधानाने मागे टेकले. ओळख पटली. हानाची धाकटी बहीण लिली. पावाची खरपूस कड तिला फार आवडायची, आणि बाप रोज पहिल्या पावाची कड कापून तिच्यासाठी बाजूला ठेवायचा. हे ऐकताना आबा चहात उंडा, म्हणजे इकडचा गोल पाव, बुडवत होते. गावकरांच्या घरी उंड्याची कडक साल घरधन्याची, असा चौतीस वर्षांचा रिवाज होता. त्या दिवशी आबांनी आतला मऊ पाव खाल्ला आणि साल बशीत तशीच ठेवली. सुलोचनाबाईंनी बशी उचलली, सालीकडे पाहिलं आणि आत नेली.

मग रोज चार वाजता चहा, उंडा आणि हाना असा नेम झाला. आबा पुस्तक ऐकत नसत, त्याच्याशी भांडत. ज्यूंनी कोटावर पिवळी चांदणी लावायची असा हुकूम निघाला, तेव्हा त्यांनी तो हुकूम काढणाऱ्याला लागट शिव्या दिल्या. बेकरीला सरकारी कुलूप लागलं, शेजारी तोंड चुकवू लागले, तरी हानाचा बाप म्हणत होता की हेही दिवस जातील. आबा खुर्चीतून उठून उभे राहिले. “अरे पोदेरा, बसलंस काय? पोरांका घे आणि चल! कोरगावाक ये! हंयसर पोदेर नाय, सायकलवालो येता तो पन दिसाआड!” आतून सुलोचनाबाई ओरडल्या की डॉक्टरांनी ओरडू नका म्हणून सांगितलंय.

“ह्या हिटलराचां पुरा नाव-गाव माका सांग,” आबा खाली बसत म्हणाले. “जत्रेक देवाच्या कानार घालतंय.”

“आबा, तो मेल्यार पन्नास वर्सां होत इली.”

“कोणी मारल्यान?”

“तेनाच. आपणाकच गोळी घालून घेतल्यान.”

आबांनी हातातला उंडा बशीत ठेवला. मग म्हणाले, “तेवडां पन दुसऱ्या कोणाक करूक दिल्यान नाय.”

मग आगगाडी आली. जनावरांच्या डब्यात ऐंशी माणसं, तीन दिवस, पाणी नाही. आबांनी तांब्याभर पाणी मागवलं आणि आल्यावर प्यायले नाहीत. “मगे मागयलास कित्याक?” म्हणून सुलोचनाबाईंनी विचारलं. त्या मुळीच ऐकत नसत, स्वयंपाकघरात त्यांना कामं होती. फक्त चार ते पाच या वेळेत त्यांच्या कामांचा आवाज येत नसे.

गाडी थांबली. फलाटावर एक माणूस उभा होता, कपडे झकपक, हातात हातमोजे. माणसांची रांग त्याच्यासमोरून जात होती आणि तो नुसतं बोट हलवत होता. उजवीकडे, डावीकडे. हाना सोळा वर्षांची, तिला उजवी बाजू मिळाली. लिली नऊ वर्षांची. तिला डावी. कुणाला काही कळत नव्हतं. लिलीने जाता जाता मान वळवून विचारलं, “माझी कड ठेवशील ना?”

“थांब!” आबा म्हणाले. “उजवी-डावी? उजवी-डावी तर देवाकडे आसता!”

त्यांचं बरोबर होतं. रवळनाथाच्या देवळात कौल लावतात तो असा. देवाच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि हात जोडून उभं राहायचं. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्यावर गावात लग्नं ठरत, विहिरी खणल्या जात.

“तो मेलो कोण उजवी-डावी करणारो? तेका तो मान कोणी दिल्यान?” आबांनी काठी आपटली. गावात दुसऱ्याच्या मानाला हात लावणं याहून मोठा गुन्हा त्यांना ठाऊक नव्हता. “बरां, फुडे वाच. लिलीचां काय झालां?”

प्रतीक्षाने पुस्तक मिटलं. आज घसा दुखतोय म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आई तापाने आजारी असल्याचा निरोप आलाय असं सांगून ती पहिल्या बसने वाळपईला गेली. ती गेल्यावर आबांनी पुस्तक ठेवायची फळी चाचपून पाहिली. पुस्तक नव्हतं.

आता आबांच्या जिवाला एकच घोर लागला. लिली जगली की नाही? जेवताना तोच, आंघोळीच्या वेळी तोच. शेजारचा सगुण, तीस वर्षं टपाल वाटून रिटायर झालेला, रोजच्यासारखा येऊन बसला. त्याने समजावलं की पुस्तक छापून झालंय, आता व्हायचं ते होऊन गेलंय, चार दिवस थांब. आबांना ते पटलं नाही. त्यांच्या दृष्टीने लिली अजून त्या फलाटावर मान वळवून उभी होती आणि कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आबा काठी टेकत देवळात गेले आणि पुजाऱ्याला, पांडुरंगाला, म्हणाले, “कौल लाव.”

“कोणासाटी?”

“एक चेडू हरवलां. लिली नाव. वय वर्सां नऊ. बापूस पोदेर. गाव हंगेरी.”

पांडुरंगाने हंगेरी हे गाव सत्तरी तालुक्यात कुठेतरी असावं असं धरलं. “गोत्र?”

आबा अडले. चौतीस वर्षांत त्यांच्याकडून पत्ता अपुरा राहिला नव्हता. “गोत्र म्हायत नाय.”

“म्हायत नाय तेचां काश्यप,” पांडुरंग म्हणाला. शास्त्रात तशी सोय आहे. “हरवली खंय?”

“स्टेशनार.”

पांडुरंगाला वाटलं, वास्कोला. राजेश तिथेच असतो, त्याच्या ओळखीतलं कुणाचं पोर असेल. त्याने लगबगीने पाकळ्या लावल्या आणि काश्यप गोत्रातली लिली जिती आहे का, असं देवाला विचारलं. कधी कधी पाकळी पडायला तास लागतो. त्या दिवशी पांडुरंगाने हात खाली आणायच्या आत उजवी पडली.

आबांना ती दिसली नाही. पांडुरंगाने “उजवी!” म्हटलं तेव्हा ते असे हसले की गाभाऱ्यातली घंटा वाजली असं बाहेरच्या माणसांना वाटलं. त्यांनी देवळातच साखर वाटली. दुपारपर्यंत वाड्यावर बातमी पसरली की आबांच्या नात्यातलं एक पोर वास्कोच्या स्टेशनावर हरवलं होतं आणि देवाच्या कृपेने सापडलं. संध्याकाळी चार बायका विचारपूस करायला आल्या. सुलोचनाबाईंनी त्यांना चहा दिला.

“कोणाचां गो चेडू?” एकीने विचारलं.

“आमचांच,” सुलोचनाबाई म्हणाल्या.

चौथ्या दिवशी चार वाजता प्रतीक्षा परत आली. पिशवी दारात ठेवते न ठेवते तोच आबांनी तिच्या हातावर साखर ठेवली. “बाय, लिली जिती आसा. देवान उजवी दिली. आता तू निवांत वाच, माका घोर नाय.”

प्रतीक्षा साखर घेऊन उभीच राहिली. मग हात धुऊन आली, पुस्तक काढलं आणि वाचायला बसली. लिलीचा प्रश्न पुन्हा एकदा वाचला, ‘माझी कड ठेवशील ना?’, पान उलटलं आणि छावणीतल्या थंडीबद्दल वाचू लागली.

“दोन पानां परतलंस,” आबा म्हणाले.

“नाय, आबा.”

“माझे डोळे गेलेत, कान नाय. दोन परतलंस. एक मागे घे.”

स्वयंपाकघरात अगदी शांतता होती. प्रतीक्षाने एक पान मागे घेतलं. त्या पानावर फार काही नव्हतं. डावीकडे गेलेल्या माणसांपैकी कुणीही त्या दिवसाची संध्याकाळ पाहिली नाही, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, असं हानाने लिहिलं होतं. आणि पुढे लिहिलं होतं की त्या रात्री मला पाव मिळाला, त्याची कड मी ठेवून दिली होती, कारण तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

प्रतीक्षाचा आवाज तिथे फुटला. “आईक ताप-बिप काय नव्हतो, आबा. मी हां पान आदीच वाचलां होतां. तुमका वाचून दाखवूक माका जमाचां नाय म्हणून पळालंय.”

डोळ्याला बाहेरचं पाणी लागू देऊ नका, असं डॉक्टर म्हणाले होते. आतल्या पाण्याबद्दल ते काही बोलले नव्हते. चौतीस वर्षांत जे गावाने पाहिलं नव्हतं ते त्या दिवशी त्या खोलीत झालं. काळ्या चष्म्याखालून पाणी वाहत होतं आणि आबा ते पुसतही नव्हते. हंगेरीतल्या एका पोरीसाठी, जी ते जन्मात पाहणार नव्हते, आबा पोटच्या पोरासाठी रडावं तसे रडले.

आणि मग त्यांनी जे सांगितलं त्याने वाड्याची झोप उडाली. “यंदा जत्रेक गाऱ्हाणां मी घालूचंय नाय.”

जत्रा आठ दिवसांवर. गाऱ्हाण्याशिवाय मानाचा नारळ वाढवता येत नाही, नारळाशिवाय पालखी उठत नाही, आणि गावकरांशिवाय गाऱ्हाणं घालायचा अधिकार कुणाला नाही. राजेशला बोलता येतं ते फक्त क्रेनच्या भोंग्याच्या वरताण, देवाशी बोलायची सवय नाही. माणसं आबांना समजवायला येऊ लागली. लिली कोण हे आता सगळ्यांना कळलं होतं, आणि मजा अशी की ती सापडलेली नाही याचं प्रत्येकाला वाईट वाटत होतं. ज्यांनी साखर खाल्ली होती त्यांना तर फारच.

देवाला या पेचातून सोडवण्यासाठी ज्याने त्याने आपली अक्कल पाजळली. गोकुळदास म्हणाला, पुस्तकच चुकीचं असेल, छापणारे काय वाटेल ते छापतात. पांडुरंगाने तीन दिवस विचार करून तोडगा आणला. बहिणी दोन होत्या, एक जिती राहिली, देवाने तिच्याबद्दल उजवी दिली. आबांनी त्याला हाकलून दिलं नाही एवढंच.

“पत्तो मी अर्धो दिलंय,” ते म्हणत. “कोणतां वर्स तां सांगूकच नाय. चूक माझी आसतली.” पण तेही त्यांना मनापासून पटत नव्हतं. एवढा बारा गावांचा धनी, त्याला एका पोरीची तारीख सांगावी लागते? मग तो देव कसला? असा विचार मनात येई आणि आबा घाबरून गप्प होत. देवावर रागावता येईना आणि त्याच्याशी बोलवेना. चौतीस वर्षांचा शेजार तुटला होता.

या सगळ्यात सुलोचनाबाईंचं वेगळंच चाललं होतं. प्रतीक्षाने ते पान वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ताज्या उंड्याची साल काढली आणि परसातल्या दगडी कठड्यावर ठेवली, आपण गेलेल्या माणसासाठी कावळ्याला घास ठेवतो तशी. कधी कधी कावळा तासतास ताटकळत ठेवतो. त्या दिवशी त्यांनी पाठ वळवायच्या आत आला आणि साल घेऊन उडाला. सुलोचनाबाई आत आल्या आणि चुलीपाशी बसल्या.

“लगेच शिवलो,” त्या सुनेला म्हणाल्या. “भुकेली होती गो.”

जत्रेच्या आदल्या संध्याकाळी सगुण आला. तो समजवायला आलेला नव्हता, चहा प्यायला आला होता.

“सगुणा,” आबा म्हणाले, “तू तीस वर्सां चिठये वाटलंस. एकादी चिठी उशिरा पावली तर?”

“किती तरी. चिठी घेवन जाय, तर माणूस गेलेलो. भिंतीर फोटो, फोटोक हार.”

“मगे काय करी होतंस?”

“करतलंय काय? घरच्यांच्या हातात देय होतंय. चिठी खोटी नसता, आबा. तिका फक्त उशीर जाता.”

“आणि घरची माणसां तुका काय म्हणत?”

“काय जण गाळी घालत,” सगुण बशीत चहा ओतत म्हणाला. “काय जण च्या देत.”

सगुण गेल्यावरही आबा बराच वेळ खिडकीपाशी बसून होते.

जत्रेच्या सकाळी देवळात तोबा गर्दी झाली. सगळ्यांच्या नजरा दाराकडे. आबा आले, काळा चष्मा लावून, प्रतीक्षाचा हात धरून, पण खांबाशी जाऊन उभे राहिले. पांडुरंगाने मानाचा नारळ उचलला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. कुणी हलेना. कुठेतरी एक पोर रडलं आणि त्याच्या आईने त्याला गप्प केलं. मग आबांनी प्रतीक्षाचा हात सोडला, चाचपडत पुढे आले आणि नारळासाठी दोन्ही हात पसरले. पांडुरंगाने सुटकेचा श्वास टाकला तो पार दरवाजापर्यंत ऐकू गेला.

“बा देवा रवळनाथा!” आवाज तोच, खणखणीत. “बारा गावच्या धन्या, आज तुझी जत्रा.”

“व्हय म्हाराजा!” सगळं देऊळ एकदम बोललं.

“गोकुळदासाची म्हस, शाळेचां छप्पर, तां सगळां मागसून सांगतंय. पयलो नारळ तेंचो न्हय.”

“व्हय म्हाराजा!” गोकुळदास जरा उशिराने म्हणाला.

“पयलो नारळ लिलीचो. वय वर्सां नऊ. बापूस पोदेर. गाव हंगेरी. साल एकोणीसशें चव्वेचाळीस. गोत्र तुझ्याच पांडुरंगान दिलां, काश्यप.”

“व्हय म्हाराजा!”

“तिका एका माणसान डावी दिली. उजवी-डावीचो मान तेचो न्हय. तो तुझो.”

“व्हय म्हाराजा!”

“तू उजवी दिलंस. पन पन्नास वर्सां उशिरान दिलंस.”

“व्हय म्हाराजा!”

“आदी माका वाटलां, तुका ठावकच नाय. मगे वाटलां, ठावक आसा, पन ह्या आंधळ्या म्हाताऱ्याच्या तोंडार सांगूचो तुका धीर झालो नाय. माझ्या सुनेक पन झालो नाय. ती वाळपयक पळाली. तू खंय पळतलंस? तू हंयच रवलंस आणि उजवी दिलंस.”

“व्हय म्हाराजा!” बायकांच्या बाजूने आवाज जरा ओला आला.

“दर वर्सा मी तुका सांगतंय, आमचां काय चुकलां-माकलां आसात तां पदरात घे.” इथे आबा थांबले. “यंदा चूक तुझी. आमी ती पदरात घेतली. परत अशी करू नको.”

“व्हय म्हाराजा!”

सवयीने सगळे म्हणून गेले. आणि मग आपण काय म्हणालो ते एकेकाच्या ध्यानात आलं. पांडुरंगाचं तोंड उघडंच राहिलं. गोकुळदास वर छपराकडे बघू लागला, काही अंगावर पडतंय का म्हणून. मग सगुणाने, जो देवळात एरवी चपलांवर लक्ष ठेवायला उभा असतो, एकट्याने सावकाश आणि स्पष्ट म्हटलं, “व्हय म्हाराजा.” त्याच्या मागोमाग सुलोचनाबाईंचा आवाज आला. मग सगळ्यांचा, आणि या वेळी तो सवयीचा नव्हता.

आबांनी नारळ वाढवला. दोन सारखी शकलं झाली. त्यानंतर त्यांनी गोकुळदासाच्या म्हशीचं गाऱ्हाणं घातलं, तिच्या शिंगांच्या खुणेसकट.

चार वाजता ते घरी येऊन खिडकीपाशी बसले. चहा आला, उंडा आला. आबांनी साल काढून बशीच्या कडेला ठेवली. सुलोचनाबाई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच उघडपणे खुर्ची ओढून बसल्या.

“वाच गो बाय,” आबा म्हणाले. “आमी आपल्याच दुख्खात आठ दीस घालयले. ती हाना थंय थंडीत एकटीच आसा.”

प्रतीक्षाने पुस्तक उघडलं आणि पान उलटलं. आबांनी कान दिला. या वेळी एकच होतं.